मनोरीची प्रत

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मालाड स्टेशनबाहेर पश्चिमेला मार्वेची बस मिळते. शेवटच्या थांब्यावर उतरून धक्क्यावर यायचं आणि बोटीत बसायचं. खाडी इतकी अरुंद, की तिकिटाचे सुटे पैसे खिशात ठेवेस्तोवर समोरचा काठ येतो. तो काठ म्हणजे मनोरी. २००७ सालच्या मे महिन्यात या बोटीतून मी एक हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून, लहान मूल धरावं तशी छातीशी धरून नेली होती. शेजारची मासळीवाली म्हणाली, "भाऊ, एवढं काय जपून नेताय?" मी म्हटलं, "पेटी आहे, रिकामी आहे." ती हसली. रिकामी पेटी कुणी एवढी जपतं का!

त्या काळी मी घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करत असे. मनोरीचे एक निवृत्त शिक्षक माझे जुने गिऱ्हाईक. सगळं गाव त्यांना सर म्हणे, मीही म्हणत असे. आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. मनोरी, गोराई, उत्तन या पट्ट्यातल्या ख्रिस्ती आणि कोळी घरांतली लग्नाची गाणी ते गोळा करत. उंबराचं पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जातात तेव्हाची गाणी, हळदीची गाणी, नवरी निघतानाची गाणी. आधी वहीत लिहून घ्यायचे, मग संगणकावर टंकायचे. जोडीला गावातल्या जुन्या लग्नांचे फोटो स्कॅन करून ठेवायचे. संगणक २००२ साली घेतलेला. पाच वर्षं म्हणजे माणसाच्या हिशेबात बालपण, संगणकाच्या हिशेबात उतारवय. त्यात समुद्राची खारी हवा. पत्र्याच्या डब्याला आतून गंज, पंख्यावर धुळीचा थर, आणि गेले काही दिवस डिस्कमधून टक् टक् असा आवाज.

तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना ठाऊक असेल, की त्यानंतर डिस्क किती दिवस काढील याची हमी ब्रह्मदेवही देत नाही. शिवाय २६ जुलै २००५ची आठवण तेव्हा अजून ओली होती. त्या एका दिवसात सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. उपनगरांत तळमजल्यावरच्या घरांत, दुकानांत, कचेऱ्यांत पाणी शिरलं. त्यानंतरचा महिनाभर माझ्याकडे चिखलाने भरलेले संगणक येत होते. लोक म्हणायचे, "डबा गेला तर जाऊ दे, आतलं तेवढं काढून द्या." पुष्कळदा आतलंच निघत नसे. दुकानाचे हिशेब, मुलीच्या बारशाचे फोटो, कुणाचा अर्धा प्रबंध. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी दुसरी प्रत ठेवली होती. ज्यांनी ठेवली होती त्यांतल्या काहींची सीडी त्याच टेबलाच्या त्याच खणात होती. संगणकाबरोबर तीही पाण्यात.

सरांनी हे सारं पाहिलं होतं. फोनवर ते एवढंच म्हणाले, "पावसाआधी या. गाण्यांची प्रत करून ठेवू."

'बॅकअप' हा शब्द त्यांनी वापरला नाही, 'प्रत' म्हणाले. मला तेव्हा ते जुन्या वळणाचं वाटलं. आज वाटतं, तोच शब्द बरोबर होता.

बॅकअपचा प्रोग्रॅम ही काही तेव्हाची नवी गोष्ट नव्हती. घरगुती संगणकांवर हार्ड डिस्क आली तेव्हापासून, म्हणजे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून, डॉसमध्ये त्यासाठी हुकूम होता. पण २० मेगाबाइटच्या डिस्कची प्रत ३६० किलोबाइटच्या फ्लॉपींवर घ्यायची तर पन्नासाहून अधिक फ्लॉपी लागत. संगणक एकेक मागे, आपण एकेक घालायची, आणि तिसाव्या फ्लॉपीला खराबी निघाली की कपाळावर हात. त्यामुळे हे काम सगळ्यांना ठाऊक असे आणि कुणीच करत नसे. घरातल्या विम्याच्या हप्त्यासारखं, पुढच्या महिन्यात बघू.

सरांच्या संगणकावर विंडोज एक्सपीची होम आवृत्ती होती. तिचा स्वतःचा बॅकअप प्रोग्रॅम होता. मोठ्या कचेऱ्यांतल्या विंडोज एनटीसाठी, टेपवर प्रत घेण्यासाठी तो मुळात लिहिलेला. होम आवृत्तीत मात्र तो आपोआप बसत नसे. मूळ सीडीवर 'व्हॅल्यू ॲड' नावाच्या फोल्डरच्या आत, त्याच्याही आतल्या फोल्डरात तो ठेवलेला असे. ज्याला ठाऊक त्याला सापडे. सरांनी पाच वर्षांपूर्वीची सीडी बायबलच्या मागच्या कप्प्यातून काढून दिली. एक ओरखडा नाही. शिक्षकी शिस्त!

प्रोग्रॅम बसला. आता त्याने विचारलं, कशाकशाची प्रत घ्यायची? सगळ्या संगणकाची, की निवडक? डिस्क तर टक् टक् करत होती. जितकं कमी वाचायला लावू तितकं बरं, असा हिशेब करून मी 'निवडक' म्हटलं आणि 'माय डॉक्युमेंट्स' या एकाच चौकटीत खूण केली. गाणी तिथे, फोटो तिथे. आणखी काय हवं? श्रोतेहो, ही खूण लक्षात ठेवा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

सकाळी अकराला काम सुरू केलं. त्या संगणकाची यूएसबी जुन्या जातीची होती, सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट सरके. सगळं मिळून सहा गिगाबाइट. सव्वा तास झाला आणि पडद्यावर चूक दाखवणारी पाटी आली. डिस्कमध्ये जागा होती, तरी 'जागा नाही' म्हणतंय. कारण असं, की नवी डिस्क 'फॅट ३२' नावाच्या जुन्या पद्धतीने आखलेली होती, आणि त्या आखणीत चार गिगाबाइटहून मोठी एक फाइल मावतच नाही. बॅकअपचा प्रोग्रॅम तर सगळं एकाच मोठ्या फाइलीत बांधत होता. गोदाम मोठं, पण दार लहान. एका ओळीच्या हुकमाने आखणी बदलली, आणि पुन्हा पहिल्यापासून.

सरांच्या पत्नीने जेवायला थांबवून घेतलं. अंगणात चटईवर मिरच्या आणि मसाल्याचं सामान उन्हात पसरलं होतं. मे महिना म्हणजे बाटली मसाल्याचा महिना. वर्षाचा मसाला करून, बाटल्यांत ठासून भरायचा. आत पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती, आणि जेवता जेवता सरांनी मला ख्रिस्तपुराणाची गोष्ट सांगितली. पुढे मी त्याबद्दल थोडं वाचलं. ते आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण प्रत म्हणजे काय हे मला त्या गोष्टीने शिकवलं.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. इथली भाषा शिकला आणि ओवी छंदात मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. दहा हजारांहून अधिक ओव्या. १६१६ साली रायतूरला ते छापलं गेलं, मराठी भाषा पण रोमन लिपी, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. तीन आवृत्त्या! त्या काळात एवढी भक्कम तजवीज किती मराठी ग्रंथांच्या वाट्याला आली असेल? ज्ञानेश्वरी किंवा गाथा तेव्हा छापली जाण्याचं स्वप्नही कुणी पाहिलं नव्हतं.

आणि आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत जगात कुठे असल्याचं ज्ञात नाही.

१६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या जागी पोर्तुगीज आणण्याचा हुकूम काढला. काळ, दमट हवा, वाळवी यांनी आपापलं काम केलंच. छापील प्रती गेल्या. पण पुराण गेलं नाही. लोकांनी ते हाताने उतरून घेतलं होतं. दक्षिणेला मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत या उतरलेल्या पोथ्या राहिल्या. घराघरांत त्या वाचल्या जात. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळूरला ख्रिस्तपुराण पुन्हा छापलं, रोमन लिपीतच. त्यानंतर १९२०च्या दशकात जस्टिन ॲबट यांना लंडनमध्ये, विल्यम मार्सडन यांच्या जुन्या संग्रहात, याच पुराणाची देवनागरीतली पोथी आढळली. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली.

म्हणजे बघा. भक्कम म्हणून छापलेलं ते हरवलं, आणि दिव्याच्या उजेडात कुणीतरी हाताने उतरलेलं ते टिकलं. कारण ते एका ठिकाणी नव्हतं आणि एकाच रूपात नव्हतं. काही मंगळूरला, काही लंडनला. काही रोमनमध्ये, काही देवनागरीत. आणि मुख्य म्हणजे, मंगळूरकडच्या पोथ्या माणसं वाचत होती.

तुकोबांच्या गाथेचंही असंच. वह्या इंद्रायणीत बुडवल्याची आणि तरल्याची कथा आपल्या मनात घर करून आहे. पण अभंग अनेकांच्या मुखात होते, आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी ते लिहून ठेवले होते. १८७३च्या सुमारास सरकारी मदतीने गाथेची आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर अशा ठिकठिकाणच्या वह्या ताडून पाहिल्या गेल्या. एक वही देहूला होती म्हणून नव्हे, चार गावांत होत्या म्हणून ते काम झालं.

आजकाल संगणकाचे लोक एक नियम सांगतात. तो अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. तीन प्रती ठेवा, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा. मी हा नियम ऐकला तेव्हा मला मनोरीचं ते जेवण आठवलं. आपल्या वारकऱ्यांनी आणि ख्रिस्ती भाविकांनी तो नाव न देता शेकडो वर्षं पाळला होता.

चार वाजायला आले तेव्हा पट्टी शेवटाला पोचली. प्रोग्रॅममध्ये आणखी एक खूण असते, प्रत घेतल्यावर मुळाशी ताडून पाहावी का? घाईत लोक ती करत नाहीत, कारण वेळ दुप्पट लागतो. मी केली. सर म्हणाले, "हे बरं केलंत. नाथांनी हेच केलं होतं." शके १५०६, म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत उतरणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते. अनेक प्रती जमवून, ताडून त्यांनी शुद्ध पाठ सिद्ध केला. उतरलेली प्रत पुन्हा वाचून बघावी लागते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ताडणी संपेपर्यंत सहा वाजले. 'फरक आढळला नाही' असा निकाल आला. मी खूश. डिस्क पुन्हा तीन पिशव्यांत गुंडाळली. सरांनी ती घरात ठेवली नाही. त्यांची पुतणी वसईला राहते, तिच्याकडे ती पाठवली. दुसरं गाव! शेवटच्या बोटीच्या आधीची बोट मी पकडली, आणि काम चोख केल्याच्या समाधानात मार्वेला उतरलो.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज बोलायला आलो नसतो.

तो संगणक २०१० साली बंद पडला. सरांनी पुढे नवा घेतला नाही, डोळे अधू झाले होते. २०१९ साली सर गेले. २०२३ साली वसईच्या पुतणीच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि घरात विषय निघाला की उंबराच्या पाण्याची गाणी म्हणायला आता कुणाला येतात? कुणालाच धड येत नव्हती. दोन ओळी हिला, चार ओळी तिला. तेव्हा कपाटातल्या त्या डिस्कची आठवण झाली. पुतणी ती घेऊन माझ्याकडे आली. तीच पिशवी, तीच गाठ. सोळा वर्षं.

डिस्क सुरू झाली, हेच मोठं नशीब. पण आतली ती बीकेएफ फाइल माझ्या नव्या संगणकाला उघडता येईना. मी २००७च्या मे महिन्यात ज्या प्रोग्रॅमने प्रत घेतली, तो त्याच वर्षी जानेवारीत बाजारात आलेल्या व्हिस्टामधून आधीच काढला गेला होता. जुन्या प्रती उघडायला वेगळं साधन उतरवून घ्यावं लागे. म्हणजे मी कुलूप लावलं तेव्हाच किल्ली बनवणारा दुकान बंद करून निघाला होता, आणि मला पत्ताच नव्हता. सुदैवाने माझ्या माळ्यावर एक्सपीचा एक जुना संगणक होता. त्याच्यावर फाइल उघडली. फोटो सगळे आले. १९५०-६०च्या दशकातल्या लुगड्यातल्या नवऱ्या, बँडवाले, विहिरीपाशी हंडे घेतलेल्या बायका. पुतणीच्या डोळ्यांत पाणी.

मग मी गाण्यांची पहिली फाइल उघडली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, उलटी टिंबं, परदेशी चिन्हं, यांचा नुसता सडा. दुसरी उघडली, तेच. एकशे चाळीस फाइली, सगळ्या तशाच. एकही अक्षर बिघडलेलं नव्हतं, ताडणीत निकाल बरोबर आला होता. फक्त ते वाचता येत नव्हतं.

असं का झालं, ते थोडक्यात सांगतो. संगणक अक्षरं ओळखत नाही, आकडे ओळखतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, हे आधी ठरलेलं असावं लागतं. जुन्या पद्धतीत असे २५६ आकडे, त्यातले पहिले निम्मे इंग्रजीसाठी राखलेले. भारतीय लिपींसाठी सर्वांना सामायिक असा 'इस्की' नावाचा संकेत तयार झाला. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तो मानक म्हणून स्वीकारला. त्यामागे आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं मोलाचं काम होतं. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिपींना एकेक कायमचा आकडा देणारा युनिकोड आला. त्याच्या देवनागरीचा आराखडा इस्कीवरच बेतलेला होता. पण पत्रिका, पुस्तकं, वर्तमानपत्रं छापायला सुंदर अक्षर लागे. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले फॉन्ट केले. काना, मात्रा, वेलांटी, अर्धी अक्षरं असे तुकडे करून ते त्या आकड्यांवर आपापल्या सोयीने बसवले. एकाचा 'क' जिथे, तिथे दुसऱ्याचा उकार. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर असेल तर मराठी दिसते, नसेल तर सडा. युनिकोडची सोय विंडोज २०००पासून आली होती, सरांच्या एक्सपीतही होती. पण ती सीडी घालून मुद्दाम चालू करावी लागे, आणि हाताला तर जुन्याच कळफलकाचं वळण.

फॉन्ट असतो विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात. 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये नव्हे. मी ज्या एका चौकटीत खूण केली होती, तिच्याबाहेर. दहा मिनिटांचं काम होतं. तो फोल्डर तेवढा सोबत घेतला असता तर! चूक सरांची नव्हती, यंत्राची नव्हती. माझी होती. मी गाणी जपली आणि ती वाचण्याची लिपी मनोरीत सोडून आलो.

याच वर्षी, २०२३ साली, राज्यात कुणबी नोंदी शोधण्याचं काम मोठ्या प्रमाणावर निघालं. बातम्या येत होत्या, की कागद आहेत, पण ते मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारे पुरेसे मिळत नाहीत. शेकडो वर्षं महाराष्ट्राचा कारभार ज्या लिपीत चालला, ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळा-कचेऱ्यांतून मागे पडली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही रुमालात बांधलेले हजारो गठ्ठे आहेत. कागद टिकले, शाई टिकली. वाचणारी माणसं कमी झाली. ती बातमी वाचताना मला कळलं, की माझी चूक नवी नाही. आपण कागद जपतो, आणि तो वाचण्याची विद्या जपायला विसरतो.

गाण्यांचं पुढे काय झालं? पुतणीला मी खरं काय ते सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "काकांच्या वह्या आहेत ना." सरांनी संगणकावर टंकल्यावरही मूळ वह्या टाकल्या नव्हत्या. मनोरीच्या घरात पेटीत चार वह्या निघाल्या. दोनांना वाळवी लागली होती. तरी साठ-सत्तर गाणी हातात आली. बाकीच्यांसाठी मी जुन्या ओळखीच्या छापखान्यांत फिरलो. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात, ज्याच्यावर कुणी बसत नाही अशा एका संगणकावर, तोच फॉन्ट सापडला. तो बसवल्याबरोबर पडद्यावर मराठी उमटली. पहिलीच ओळ उंबराची होती. दुकानदार म्हणाला, "काय झालं हो तुम्हाला?" मी काही बोलू शकलो नाही.

नंतर त्या फाइली युनिकोडमध्ये आणल्या. हे काम करणारे प्रोग्रॅम आहेत, पण ते शंभर टक्के बरोबर करत नाहीत. रफार पुढे सरकतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. त्यातून ही गाणी गावच्या बोलीतली, कोशात न मिळणाऱ्या शब्दांची. चूक कुठली आणि बोली कुठली, हे मला कळेना. मग मनोरीच्या एका नव्वदीच्या आजींकडे बसलो. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. चुकलं की त्या थांबवत, आणि शब्द सांगून न थांबता पुढची ओळ गाऊन दाखवत. वही, फाइल आणि आजी, अशा तीन प्रती ताडून काम झालं. अकरा गाणी मात्र अशी उरली, की त्यांच्यातले काही शब्द पक्के ठरले नाहीत. वही वाळवीने खाल्लेली, आजींना आठवत नाही, फाइल संशयास्पद. तिथे आम्ही रिकामी जागा सोडली. अंदाजाने भरली नाही. सरांना ते आवडलं नसतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी बायका विहिरीवर गेल्या. निम्म्या मुलींच्या हातात मोबाइल, पडद्यावर गाणं, आणि आजी पुढे खुर्चीत. मोबाइलवाल्यांपेक्षा आजी अर्धी ओळ पुढे असत.

आज सरांची गाणी चार ठिकाणी आहेत. मनोरीत, वसईत, माझ्या घरी आणि इंटरनेटवरच्या साठवणीत. साध्या युनिकोड फाइलीत, आणि शिवाय कागदावर छापून. पण याहून महत्त्वाचं काम मी दरवर्षी करतो. त्या जागांपैकी कुठूनही एक फाइल, वेगळ्याच संगणकावर, उघडून वाचतो.

श्रोतेहो, तुमच्याही घरात एखादा जुना संगणक असेल, खणात सीडी असतील, कपाटात डिस्क असेल. एक्सपीला कंपनीने २०१४ साली निरोप दिला, विंडोज ७ला २०२० साली, विंडोज १०ला २०२५ साली. यंत्रं बदलत राहणार. तुम्ही प्रत घ्या, ती दुसऱ्या गावी ठेवा. घेताना नुसती कागदपत्रं नकोत, ती ज्यात लिहिली तो फॉन्ट, तो प्रोग्रॅमही सोबत घ्या. जमेल तेवढं साध्या, सर्वत्र उघडणाऱ्या रूपात ठेवा. आणि वर्षातून एकदा उघडून पाहा.

मी त्यासाठी मे महिना धरला आहे. मनोरीत तेव्हा अंगणात मसाला असतो. वर्षभर टिकावं असं वाटतं त्याला आपण पावसाआधी ऊन दाखवतो, गादीला, गव्हाला, पुस्तकांना. त्या दिवशी मी सरांच्या गाण्यांनाही ऊन दाखवतो.